पुढं होता की त्यो! : गॅलरीतले वाद आणि फुटबॉलचे न उलगडणारे नियम

मॅच संपायला दहा मिनिटं उरली होती आणि दोन्ही बाजूंनी गोल नव्हता. समोरच्या पेठेच्या मिडफिल्डरनं मध्यरेषेजवळून उंच बॉल टाकला, त्यांचा फॉरवर्ड आमच्या डिफेंडरांच्या मधून सुटला आणि गोलकीपरच्या बगलेतून त्यानं बॉल जाळ्यात घातला. बॉल त्याच्या पायाशी आला तेव्हा तो आमच्या शेवटच्या डिफेंडरच्या चांगला चार-पाच हात पुढं होता. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या आमच्या बाजूच्या गॅलरीतून एकच आवाज उठला, "ऑफ! ऑफ हाय! पुढं होता की त्यो!" मीही घसा ताणून ओरडत होतो. लाइनमननं, म्हणजे कडेच्या रेषेवरच्या पंचांच्या मदतनिसानं, झेंडा खालीच ठेवला, मध्यरेषेकडं पळत सुटला आणि गोल झाला.

शेजारी बसलेले काका ओरडले नव्हते. माझा दम संपल्यावर त्यांनी विचारलं, "लेका, बॉल सुटला तवा तू कुणाकडं बघत हुतास?"

मी बॉलकडं बघत होतो. सगळी गॅलरीच बॉलकडं बघत होती.

तेव्हा मी अकरावीत होतो. पुढं शाळांच्या स्पर्धांत लाइनवर झेंडा धरायला लागलो, नियमांचं पुस्तक घेऊन बसलो, तेव्हा कळलं की मैदानावरच्या निम्म्याहून जास्त भांडणांचं उत्तर काकांच्या त्या प्रश्नात आहे. आपण शेवट बघतो. बॉल जाळ्यात गेला, हाताला लागला, रेषेबाहेर दिसला, एवढंच आपल्या डोळ्यांत भरतं. नियम मात्र त्याच्या आधीचं विचारतो. बॉल कधी सुटला? शेवटी कुणाला लागला? त्यानं तो मुद्दाम खेळला, की नुसताच येऊन आदळला? हे तीन प्रश्न हातात ठेवून बघितलं की अवघड वाटणारे नियम सरळ व्हायला लागतात.

पुस्तक तसं छोटं आहे. नियम फक्त 17. ते फिफा ठरवते असं आपण धरून चालतो, पण ते काम इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाचं. हे मंडळ 1886 सालचं आहे, फिफाच्याही आधीचं. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचं एकेक मत आणि फिफाची चार मतं. आठातली सहा मतं पडल्याशिवाय एक ओळही बदलत नाही. तरीही दर वर्षी काही ना काही बदलतंच. दहा वर्षांपूर्वी शिकलेला नियम आज छातीठोकपणे सांगणारा माणूस म्हणून हमखास चुकतो.

बॉल सुटला तेव्हा

ऑफसाइडपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गळे त्याच्यापायी बसतात.

आपल्या सहकाऱ्यानं बॉल खेळला, त्या क्षणी तुम्ही समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानात आहात, बॉलच्या पुढं आहात आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं आहात, तर तुम्ही ऑफसाइडच्या जागी आहात. तिन्ही गोष्टी एकदमच खऱ्या असाव्या लागतात. त्यातली एक जरी नसली तरी तुम्ही मोकळे.

"त्या क्षणी" हे दोन शब्द गॅलरीत पोहोचतच नाहीत. मध्यरेषेजवळून मारलेला उंच बॉल दोन सेकंद हवेत राहिला, तर तेवढ्यात जोरात पळणारा पोरगा दहा-बारा मीटर पुढं निघून जातो. त्यात डिफेंडर त्याच वेळी वर सरकत असले तर अंतर आणखी वाढतं. बॉल खाली येतो तेव्हा तो एकटाच उभा दिसतो आणि आपल्याला वाटतं, हा तर आधीपासून तिथंच होता. उलटंही होतं. बॉल सुटताना खरंच पुढं असलेला फॉरवर्ड बॉल घ्यायला मागं येतो, डिफेंडरांच्या ओळीत येऊन बॉल थांबवतो आणि लाइनमनचा झेंडा वर गेला की आपण म्हणतो, आता हा कुठं पुढं होता?

लाइनमन हे कसं पकडतो ते सांगतो. तो बॉलच्या मागं पळत नाही. शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या अगदी सरळ रेषेत राहतो, डिफेंडर सरकला की तोही सरकतो. नजर त्या ओळीवर आणि कान बॉलकडं. पाय बॉलला लागल्याचा "थप्प" असा आवाज आला, की त्या क्षणी कोण कुठं होतं ते डोळ्यांत टिपून ठेवायचं. शाळेच्या मॅचला हे जमतं. दोन तालमींच्या संघांची मॅच असेल, गॅलरीत हलगी घुमत असेल, तर बूटाचा आवाज ऐकूच येत नाही. मग नजर एकदा बॉलवर, एकदा ओळीवर अशी फिरवावी लागते आणि चूक होते ती तिथंच.

माझ्याकडून ती झाली आहे. आठवीतल्या एका मुलाचा गोल मी झेंडा वर करून घालवला. मी बॉलकडं बघत राहिलो होतो आणि मान वळवेपर्यंत तो मुलगा पुढं गेलेला होता. मॅच संपल्यावर तो माझ्याकडं आला आणि विचारलं, "सर, मी कधी निघायला पाहिजे होतं?" त्यानं बरोबर वेळेलाच धाव घेतली होती. तसं मी त्याला सांगितलं, पण गोल परत देता येत नव्हता. त्या दिवसापासून लाइनमनला शिव्या घालणं मी सोडलं.

आता "शेवटून दुसरा". बहुतेक जण हे "गोलकीपर सोडून शेवटचा डिफेंडर" असं पाठ करतात. नियमात गोलकीपरचं नावच नाही. समोरच्या संघाचे कुणीही दोघं मोजायचे, एवढंच. एरवी गोलकीपर सगळ्यात मागं असतो म्हणून ते पाठांतर चालून जातं. पण तो पुढं आला की घोळ होतो. 2010 च्या विश्वचषकाची पहिलीच मॅच, जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिका विरुद्ध मेक्सिको. कॉर्नरवर आफ्रिकेचा गोलकीपर खुने बॉल पकडायला पुढं आला आणि चुकला. बॉल पुढं गेला आणि मेक्सिकोच्या कार्लोस वेलानं तो जाळ्यात घातला. गोलरेषेवर आफ्रिकेचा एक खेळाडू उभा होता, त्यामुळं जगभरच्या लोकांना वाटलं गोल झाला. पण वेलाच्या पुढं तो एकटाच होता. दुसरा कुणी नव्हता, कारण गोलकीपर वेलाच्या मागं राहिला होता. ऑफसाइड, आणि अगदी बरोबर.

बरोबरीनं असलेला खेळाडू ऑफसाइड नाही. हे 1990 पासून. मोजताना डोकं, धड आणि पाय धरायचे, हात धरायचे नाहीत, गोलकीपरचेसुद्धा. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर, म्हणजे बाहेर गेलेला बॉल परत खेळात आणायच्या तिन्ही रीती, यांवरून आलेला बॉल थेट घेतला तर ऑफसाइड होतच नाही. फ्री किकवर, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या किकवर, मात्र होतो. हे सोडून दिलं जातं आणि मग भिंतीमागं जाऊन उभा राहिलेला आपला खेळाडू बाद झाला की आपण चिडतो.

यापेक्षा नाजूक गोष्ट पुढची. ऑफसाइडच्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथून खेळात हात घातला तर गुन्हा. म्हणजे बॉलला स्पर्श केला, बॉलसाठी डिफेंडरला भिडला, गोलकीपरच्या डोळ्यांसमोर उभा राहून त्याची नजर अडवली, किंवा पोस्टला लागून वा गोलकीपरनं अडवून परत आलेला बॉल मारला. यातलं काही केलं नाही तर तो मैदानावर नसल्यासारखाच. म्हणूनच लाइनमन कधी कधी झेंडा उशिरा वर करतो. तो झोपलेला नसतो, तो खेळाडू बॉलला लागतोय की सोडून देतोय याची वाट बघत असतो.

या वाक्यांच्या कडेकडेनं काय होऊ शकतं ते 14 जानेवारी 2023 ला मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी यांच्या मॅचमध्ये दिसलं. युनायटेडचा रॅशफर्ड ऑफसाइडच्या जागेवरून बॉलच्या मागं धावला, बॉल जवळजवळ त्याच्या पायातच होता, पण त्यानं त्याला स्पर्श केला नाही. मागून ब्रुनो फर्नांडिस आला आणि त्यानं गोल मारला. लाइनमनचा झेंडा वर गेला होता, पंचांनी तो खाली घ्यायला लावून गोल दिला. स्पर्श झाला नव्हता हे खरं. पण सिटीचे डिफेंडर आणि गोलकीपर रॅशफर्डकडं बघूनच हलत होते, हेही तितकंच खरं. मला विचाराल तर तो गोल द्यायला नको होता. डिफेंडरला दुसरीकडं जाऊच दिलं नाही, तर बॉलला हात-पाय न लावताही खेळात ढवळाढवळ झालीच की.

तिसरा प्रश्न, मुद्दाम की आदळला, इथंच येतो. डिफेंडरनं बॉल स्वतःहून खेळला आणि तो चुकून ऑफसाइडवाल्याकडं गेला, तर ऑफसाइड पुसला जातो. नुसता त्याच्या अंगावर आदळून गेला तर पुसला जात नाही. 10 ऑक्टोबर 2021 ला मिलानमध्ये नेशन्स लीगच्या फायनलला फ्रान्सच्या एम्बाप्पेकडं पास निघाला तेव्हा तो पुढं होता. स्पेनच्या एरिक गार्सियानं जीव खाऊन पाय घातला, बॉल त्याला निसटता लागला आणि एम्बाप्पेकडं गेला. गार्सियानं बॉल "मुद्दाम खेळला" असं धरून गोल दिला गेला आणि फ्रान्स 2-1 नं जिंकला. म्हणजे बिचारा पाय न घालता उभा राहिला असता तर वाचला असता! मंडळानं जुलै 2022 मध्ये खुलासा काढला. आता बघतात ते असं : बॉल लांबून येत होता का, नीट दिसत होता का, खेळाडूला तोल सावरून खेळायला वेळ होता का. वेळ असूनही मारलेला फटका चुकला तर तो मुद्दामच. धडपडून पाय लावला तर तो आदळलेला. आणि गोलकडं जाणारा बॉल डिफेंडरनं अडवला, तर तो बचाव. त्यानं ऑफसाइड पुसला जात नाही.

एक शेवटचं उदाहरण, कारण यावर मी स्वतः मित्रांशी तासभर भांडलो आहे. युरो 2008, बर्न, नेदरलँड्स विरुद्ध इटली. इटलीचा पानुच्ची आपल्याच गोलकीपर बुफॉनशी टकरून गोलरेषेच्या बाहेर पडून राहिला. तेवढ्यात व्हॅन निस्टलरॉयनं गोल मारला. त्याच्यापुढं मैदानावर फक्त गोलकीपर दिसत होता. तरी गोल दिला, आणि तो बरोबरच. मैदानाबाहेर असलेला डिफेंडर ऑफसाइड मोजताना गोलरेषेवर उभा आहे असंच धरतात. असं नसतं तर फॉरवर्ड मारायला आला की डिफेंडर मुद्दाम रेषेबाहेर पाऊल टाकून मोकळे झाले असते.

मुळात हा नियम कशासाठी? लहानपणी गल्लीत खेळताना एखादा पोरगा गोलाशेजारीच ठिय्या देऊन बसायचा आणि आपण त्याला "काय शिळ्या भाकरी मोडतोस" म्हणायचो, ते थांबवण्यासाठी. 1863 सालच्या लंडनच्या नियमांत बॉलच्या पुढं असलेला प्रत्येक जण खेळातून बाद होता, म्हणजे पुढं पास द्यायचीच सोय नव्हती. 1866 ला ठरलं की पुढं समोरचे तिघं असले तर चालेल. 1925 ला तिघांचे दोघं झाले. आपण आज भांडतो ते त्या दोघांवरून.

फक्कीची रेघ

"बाहेर गेला होता बॉल!" हा वाद ऑफसाइडच्या खालोखाल. नियम अगदी सोपा आहे : अख्खा बॉल अख्ख्या रेषेच्या पलीकडं गेला तरच तो बाहेर. जमिनीवर असो नाहीतर हवेत. रेष ही मैदानाचाच भाग.

पण डोळ्यांना ते पटत नाही. माझ्या भाच्यालाही पटत नव्हतं, म्हणून एका रविवारी आम्ही गच्चीवर बसलो. खडूनं जाड रेघ ओढली. बॉलचा घेर नियमानं 68 ते 70 सेंटीमीटर, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण 22. मी बॉल रेघेच्या बाहेर ठेवला, असा की तो टेकला होता ती जागा आणि रेघ यांच्या मध्ये माझी चार बोटं आरामात बसत होती. भाच्याला पालथं झोपवलं आणि विचारलं. "बाहेर. चक्क फरशी दिसतीया मधली." मग शेजारच्या गवंडीमामांकडून आणलेला ओळंबा बॉलच्या आतल्या कडेला अलगद लावून खाली सोडला. टोक थेट रेघेवर आलं. तो पुन्हा आडवा होऊन बघायला लागला, पुन्हा उठून वरून बघितलं. "मामा, ह्यो तर आत हाय!"

बॉल गोल आहे, तो जमिनीला फक्त मधोमध टेकतो. त्या टेकलेल्या जागेपासून प्रत्येक बाजूला 11 सेंटीमीटर बॉल हवेत असतो. त्यामुळं टेकलेली जागा रेषेच्या जवळजवळ 11 सेंटीमीटर बाहेर गेली तरी बॉल खेळातच राहतो. गॅलरीतून तिरकं बघणाऱ्याला मधलं गवत दिसतं आणि तो शपथेवर सांगतो की बाहेर होता.

1 डिसेंबर 2022 ला कतारच्या विश्वचषकात जपाननं स्पेनला 2-1 हरवलं ते याच 11 सेंटीमीटरच्या आत. मितोमानं गोलरेषेवरून बॉल मागं ओढला आणि तनाकानं तो आत ढकलला. बाजूनं काढलेल्या फोटोत बॉल आणि रेष यांच्यामध्ये हिरवं गवत स्पष्ट दिसत होतं. वरून बघितलं तर बॉलची कड रेषेवर होती. जपान पुढं गेला, आणि त्या निकालानं जर्मनीचं सामान बांधलं गेलं.

आपल्याकडं त्यात फक्कीची, म्हणजे रेघा मारायच्या पांढऱ्या भुकटीची, भर. रेष जास्तीत जास्त 12 सेंटीमीटर रुंद असावी असं पुस्तक म्हणतं. सकाळी मारलेली फक्की दुसऱ्या हाफपर्यंत बुटांखाली विस्कटते, कुठं पसरते, कुठं गायब होते. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे पंच नाहीत, गोलरेषेवर कॅमेरा नाही. अशा रेषेवर पंचांनी दिलेला निर्णय आपण घरी जाऊन मोबाइलवरच्या तिरक्या व्हिडिओवरून खोटा ठरवतो, हे मला खरंच पटत नाही.

याच नियमातून आणखी एक निघतं. पेनल्टी क्षेत्राची, आपल्या भाषेत "डी"ची, रेष ही डीचाच भाग आहे. रेषेवर फाउल झाला तर ती पेनल्टी.

हात लागला, पण

नुसता "हात लागला" असा गुन्हाच नियमात नाही. मुद्दाम लावला तर गुन्हा. अंग उगाच मोठं दिसेल अशा रीतीनं हात पसरलेला असताना बॉल लागला तरी गुन्हा, मग मुद्दाम असो वा नसो. पळताना, उडी मारताना हात जिथं आपोआप जातो तिथं लागला तर नाही. हा "आपोआप" कोण ठरवणार? पंच. इथं मापपट्टी चालत नाही आणि चालणारही नाही. एकाच प्रसंगावर दोन चांगले पंच दोन उत्तरं देऊ शकतात.

गोल मारणाऱ्यासाठी नियम कडक आहे. त्याच्या स्वतःच्या हाताला नकळत जरी बॉल लागला आणि लगेच त्यानंच गोल केला, तर गोल नाही. त्याच्या जोडीदाराच्या हाताला नकळत लागून बॉल त्याच्याकडं आला असेल तर मात्र 2021 पासून गोल धरतात. एकाच संघातल्या दोन हातांना दोन न्याय, म्हणून लोक गोंधळतात.

हात कुठून सुरू होतो? काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून खाली. त्याच्या वर खांदा, आणि खांद्यानं गोल मारता येतो. "बाहीपर्यंत चालतं" असं आपण म्हणतो ते पुस्तकात नाही. बाही लांब असली म्हणून खांदा लांब होत नाही.

आता तो प्रश्न, जो 2010 च्या 2 जुलैनंतर चहाच्या प्रत्येक टपरीवर विचारला गेला : गोलच होता, मग गोल का दिला नाही? विश्वचषक, घाना विरुद्ध उरुग्वे, 1-1, जादा वेळेचं शेवटचं मिनिट. उरुग्वेच्या सुआरेझनं गोलरेषेवर हातानं बॉल अडवला. लाल कार्ड आणि पेनल्टी. घानाच्या ग्यानचा फटका आडव्या खांबाला लागून वर गेला आणि घाना टायब्रेकरमध्ये, म्हणजे आळीपाळीनं मारायच्या पेनल्टींत, हरला. पंचांना गोल द्यायचा अधिकारच नव्हता, कारण अख्खा बॉल अख्खी रेष ओलांडून गेला नव्हता. "गेला असता" याला फुटबॉलमध्ये किंमत नाही. मला हे आजही टोचतं. 2024 पासून एवढी सवलत आली की गोल अडवणारा हात मुद्दाम नसेल आणि पेनल्टी दिली असेल, तर लालऐवजी पिवळं कार्ड. मुद्दाम असेल तर लालच.

गोलकीपरचे हात

"बॅक पास" या नावानंच सगळा गोंधळ केला आहे. पास मागं गेला का, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. प्रश्न एवढाच : जोडीदारानं पायानं, मुद्दाम, गोलकीपरकडं खेळला का? तसं असेल तर गोलकीपरनं हात लावायचा नाही. गुडघा, छाती, डोकं यांनी दिलेला बॉल त्यानं खुशाल उचलावा. पायावरून चुकून भलतीकडं गेलेला बॉलही उचलावा. जोडीदाराचा थ्रो-इन मात्र थेट हातात घेता येत नाही. पायानं दिलेल्या बॉलचा नियम 1992 चा, वेळ काढत बसणाऱ्यांमुळं आलेला.

काही हुशार डिफेंडर बॉल पायानं वर उडवतात आणि डोक्यानं गोलकीपरकडं देतात. ही पळवाट पुस्तकानं आधीच बुजवली आहे. असं करणाऱ्याला पिवळं कार्ड, गोलकीपरनं हात लावला नाही तरीसुद्धा.

याची शिक्षा पेनल्टी नाही. इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे मारलेला बॉल दुसऱ्या कुणाला तरी लागून आत गेला तरच गोल. पंचांचा हात वर असेल तर ती इनडायरेक्ट, हे लक्षात ठेवलं की पुरे. अशी किक गोलाच्या अगदी तोंडाशी आली, की बचाव करणारा अख्खा संघ दोन खांबांमध्ये गोलरेषेवर उभा राहतो. एरवी 9.15 मीटर लांब राहावं लागतं, पण गोलरेषेवर खांबांच्या मध्ये राहिलात तर जवळ चालतं. मैदानावर एवढी दाटी दुसऱ्या कुठल्याच वेळी बघायला मिळत नाही.

बॉल हातात धरून बसण्याचा नियम तर आत्ताच बदलला. आधी सहा सेकंद, त्याला इनडायरेक्ट फ्री किक, आणि ती पंच जवळजवळ कधीच देत नसत. जुलै 2025 पासून आठ सेकंद, आणि शिक्षा कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात. वेळ वाढवून शिक्षा सोपी केली आणि नियम पाळला जायला लागला.

थ्रो-इन स्वतःच्याच गोलात

हे थोडक्यात. आपलीच फ्री किक किंवा थ्रो-इन कुणालाही न लागता आपल्याच गोलात गेली, तर गोल नाही, समोरच्यांना कॉर्नर. समोरच्यांच्या गोलात थेट थ्रो-इन गेला तरी गोल नाही, त्यांना गोल किक. कॉर्नर थेट आत गेला तर मात्र गोल.

"शेवटी कुणाला लागला" याची किंमत 16 सप्टेंबर 2002 ला अ‍ॅस्टन व्हिलाला कळली. बर्मिंगहॅमविरुद्ध व्हिलाच्या मेलबर्गनं आपल्याच गोलकीपरकडं, एन्केलमनकडं, थ्रो-इन टाकला. गोलकीपरनं पायानं थांबवायला पाहिलं आणि बॉल त्याच्या बुटाखालून जाळ्यात गेला. लागला नसता तर नुसता कॉर्नर. पंचांनी लागला असं धरलं आणि गोल दिला. त्या गोलकीपरनं पाय मागं घेतला असता तर काहीच झालं नसतं, पण अशा वेळी पाय मागं घ्यायचं कुणाला सुचतं?

टायब्रेकर

आपल्या मॅचेस टायब्रेकरपर्यंत गेल्या की स्टेडियम कसं होतं ते सांगायला नको. तिथले तीन गैरसमज.

मॅचमधली पेनल्टी गोलकीपरनं अडवली आणि बॉल परत आला, तर मारणाऱ्याला पुन्हा मारता येतं. पण खांबाला लागून थेट त्याच्याकडं आला तर नाही, कारण मध्ये दुसरं कुणी बॉलला लागलेलंच नाही. टायब्रेकरमध्ये दोन्हीही चालत नाही, एकच फटका. मात्र तो फटका खांबाला लागून गोलकीपरच्या पाठीवर आपटून आत गेला तर गोल आहे. बॉल थांबेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत किक संपलेली नसते.

एका संघाचा खेळाडू लाल कार्डनं गेला असेल आणि ते दहाच उरले असतील, तर टायब्रेकरसाठी समोरच्यांनीही एक कमी करून दहा करायचे. नाहीतर त्यांचा सगळ्यात कच्चा मारणारा मागं लपून राहतो आणि दहा जणांच्या संघाची पाळी पुन्हा आधी येते.

आणि दोनदा लागलेला बॉल. 12 मार्च 2025, चॅम्पियन्स लीग, अ‍ॅटलेटिको विरुद्ध रिअल माद्रिद. टायब्रेकरमध्ये किक मारताना हुलियन अल्वारेझचा टेकलेला पाय घसरला आणि बॉल आधी त्या पायाला निसटता लागून जाळ्यात गेला. गोल रद्द, फटका वाया आणि अ‍ॅटलेटिको बाहेर. त्या वेळच्या पुस्तकाप्रमाणं निर्णय बरोबर होता. पण तो नियम लिहिला होता मुद्दाम दोनदा मारणाऱ्यासाठी, घसरणाऱ्यासाठी नव्हे. जून 2025 मध्ये मंडळानं तो दुरुस्त केला : नकळत दोनदा लागून गोल झाला तर किक पुन्हा घ्यायची, गोल झाला नाही तर टायब्रेकरमध्ये ती वाया.

कुत्रं आणि शिट्टी

भर मॅचमध्ये मैदानावर कुत्रं आलं तर? कडेकडेनं पळत असेल तर खेळ चालू. आडवं आलं, बॉलला लागलं, तर पंच खेळ थांबवतात आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे हातातला बॉल जमिनीवर सोडून, सुरू करतात. पूर्वी दोघं समोरासमोर उभे राहून बॉल पडला की तुटून पडायचे. 2019 पासून ते बंद झालं. आता बॉल एकाच संघाला मिळतो आणि बाकी सगळे निदान चार मीटर लांब. डीमध्ये थांबवला असेल तर थेट गोलकीपरला.

2009 च्या 17 ऑक्टोबरला सुंदरलँडच्या डॅरेन बेंटचा फटका मैदानात आलेल्या एका लाल फुग्यासारख्या बीच बॉलवर आपटून लिव्हरपूलच्या गोलात गेला. पंचांनी गोल दिला. तो द्यायला नको होता, बाहेरची वस्तू मध्ये आली म्हणून खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायला हवा होता. लिव्हरपूल त्या एका गोलानं हरलं, आणि तो बीच बॉल लिव्हरपूलच्याच प्रेक्षकांकडून आला होता.

हाच नियम गॅलरीतल्या शिट्टीलाही लागतो. आपल्याकडं उत्साहाच्या भरात कुणी ना कुणी खिशातून शिट्टी काढतंच. मागच्या हंगामात माझ्या मागच्या पायरीवरून एकानं फुंकली. डिफेंडर पंचांची समजून थांबला, हात वर केला, आणि बॉल त्याच्या पायापासून दोन हातांवर नुसताच घरंगळत राहिला. समोरच्या फॉरवर्डनं तो उचलून नेला आणि एकटाच गोलकडं निघाला. पंचांनी लगेच खरी शिट्टी मारली, परत आले आणि खेळ थांबवला तिथंच ड्रॉप बॉल दिला. गॅलरी खवळली, "चांगला चाललावता की, थांबवला कशाला?" मागचा पोरगा शिट्टी मुठीत धरून खाली बसला होता. मी त्याला सांगितलं, तुझ्या शिट्टीनं खेळात अडथळा आला, म्हणून पंचांना थांबवावंच लागलं, तसं पुस्तकातच लिहिलंय. त्यानं शिट्टी खिशात घातली आणि विचारलं, "दादा, आनि बॉल आधीच आत गेला असता तर?"

शिट्टीच्या आधी अख्खा बॉल अख्खी रेष ओलांडून गेला असता, तर गोल होता.